आवाज नाही तिथे कट

अंधेरीच्या आमच्या स्टुडिओत माझ्याइतकं फास्ट एडिटिंग कोणी करत नाही. माउसला मी हातही लावत नाही, सगळं कीबोर्डच्या शॉर्टकटवर. बोलणारा मध्येच थांबला, स्क्रीनवर आवाजाची रेघ सपाट दिसली, की तो तुकडा एका बटणात उडवायचा आणि पुढे. "प्रबुद्ध, तुझ्या बोटांना लायसन्स लागेल यार," असं शेजारच्या टेबलावरचा चैतन्य म्हणतो, आणि मला ते आवडतं.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं शूटिंग तासाभराचं होतं. पाय मोडल्यामुळे आत्याला तेव्हा येता आलं नव्हतं, आता ती जोगेश्वरीला आमच्या घरी येणार होती. बाबा म्हणाले, "तिला दाखवायचंय रे, जरा नीट करून दे." दोन कामांच्या मधल्या वीस मिनिटांत मी ते उरकलं. परत बघितलंही नाही.

काल आत्या टीव्हीसमोर बसली. भाषणं संपली आणि पडद्यावरचे सूत्रसंचालक म्हणाले, "शकुताईंना आदरांजली म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया." आत्याने काठी टेकली, खुर्चीचा हात धरला आणि कशीबशी उठू लागली. ती सरळ उभी राहायच्या आत पडद्यावरचे सगळे उठून खालीही बसले होते.

"झालं पण?" तिने विचारलं.

 

बाबांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू उभी राहा, अक्का. मी घड्याळ बघतो."