इंजिनातला बिघाड

मिस्त्रीने स्टार्टर पुन्हा ओढला. होडीचं इंजिन घुरघुरलं आणि गप्प झालं. धक्क्यावर उभ्या असलेल्या बापाला हायसं वाटलं.

इंजिन बिघडलेलं निघावं, एवढंच त्याला हवं होतं. काल दुपारी मुलगा एकटाच होडी घेऊन गेला होता. आज सकाळी ती खाडीच्या तोंडाशी रिकामी तरंगताना सापडली. बापाने मनाशी ठरवून टाकलं होतं. इंजिन बंद पडलं असणार, पोरगा येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या बोटीवर चढला असणार, त्यांनी त्याला कुठल्यातरी लांबच्या बंदरात उतरवलं असणार. फोन पाण्यात पाडला असेल. वेंधळा तर तो जन्माचाच! ऐकणारे मान डोलवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मिस्त्रीने टाकी हलवून पाहिली. पेट्रोल होतं. झाकणातून हवा नीट जात होती, नळीही तुंबलेली नव्हती. "हे ठीक आहे," असं तो म्हणाला की बाप म्हणायचा, "परत एकदा नीट बघ." मग मिस्त्रीने प्लग काढला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून स्टार्टर ओढला.

"काका, ठिणगीच पडत नाही."

नवा प्लग लावला. तरी नाही.

"बघ! सकाळपासून घसा कोरडा करून मी काय सांगतोय?" बाप जवळजवळ पळतच घराकडे गेला. घर धक्क्याला लागूनच होतं. खिडकीतूनच तो ओरडला, "अगं, इंजिनच बिघडलंय! येईल तो. त्याचंही जेवण कर."

तो परतला तेव्हा हत्यारं खाली ठेवून मिस्त्री इंजिन बंद करायच्या लाल स्विचकडे बघत बसला होता. स्विचखाली अडकवायची क्लिप जागेवर नव्हती. होडीत पाय ठेवल्यापासून मिस्त्री तिकडे बघायचं टाळत होता, हे बापाला आत्ता कळलं.

मिस्त्रीने पेटीतून आपली जुनी क्लिप काढली, स्विचखाली दाबून बसवली आणि स्टार्टर ओढला. पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडू लागलं.

बापाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. क्लिपची दोरी मनगटाला बांधायची, माणूस पाण्यात पडला की क्लिप ओढली जाते आणि इंजिन जागीच बंद होतं, ती परत बसवेपर्यंत ठिणगी पडत नाही, हे पोराला त्यानेच शिकवलं होतं. "बाबा, दावणीला बांधताय की काय मला?" म्हणत पोरगा दात काढायचा. पण बांधायचा, न चुकता.

"बंद कर ते," बाप म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते मिस्त्रीला ऐकू गेलं नाही.

ओले हात पुसत आई दारात आली. कालपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"झालं का हो दुरुस्त? बरं झालं बाई. घरात पाऊल टाकलं की आधी इंजिनाचंच विचारेल तो."