जाड पूड

तिने दिवा आडवा धरून काचेवर उजेड टाकला, आणि तिला ओरखडा दिसला.

काच ताटाएवढी गोल, पण दोन्ही हातांनी उचलावी इतकी जड. तिचा नवरा वर्षभर ती हाताने घासत होता. त्याला दुर्बिणीचा आरसा करायचा होता. पिंपावर एक काच, तिच्यावर ही दुसरी, मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड. घासत घासत पिंपाभोवती फिरायचं. आधी जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. आता शेवटची, पिठासारखी पूड चालू होती.

"काय गं? आहे का काही?" नवऱ्याने विचारलं.

काच तपासायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. त्याच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. हे वाढत जाणार, डॉक्टर म्हणाले होते. किती वेगाने, ते सांगता येत नाही.

दाराशी खुर्ची टाकून बसलेला धाकटा दीर उठला आणि तिच्या खांद्यावरून डोकावला. त्यालाही ओरखडा दिसला. केसाएवढा, काठाकडून आत वळलेला. तो लगेच हसून म्हणाला, "दादा, तूच बघ की. नाहीतरी हल्ली कोंबडीसारखी मान वाकडी करूनच बघतोस."

"अंधुक तारा तसाच बघायचा असतो," नवरा म्हणाला. "सरळ बघितलं की नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो. माझी तयारी आधीच झालीय, बाबा."

"वहिनी, जरा पाणी देता का?"

ती आत गेली तसा दीर मागोमाग आला.

"गप्प बसा," तो हळूच म्हणाला. "एवढ्याशा रेघेने तारे काही रुसत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर हा पुन्हा जाड पुडीवर जाणार. म्हणजे आणखी वर्ष. तोवर याला घरातला दिवा दिसला तरी पुष्कळ. आरसा आत्ता पुरा झाला तर निदान एकदा डोळा तरी लावेल."

तिने पेला भरून त्याच्या हातात दिला. तो खोटं बोलत नव्हता. ओरखडा आला कुठून तेही तिला उमगलं होतं. सकाळी गारठा होता म्हणून तिने पेटीतला लोकरी स्वेटर काढून नवऱ्याच्या अंगावर घातला होता. मागच्या थंडीत, जाड पूड चालू असताना तो घालायचा, तोच. धुतला होता तिने, चांगला दोनदा. पण विणीत एखादा दाणा राहायचा तो राहिलाच.

रोज सकाळी हात जोडताना ती एकच मागत असे, दिवसभरात तोंडून खोटं जाऊ नये. गप्प बसणं त्यात येतं की नाही, हे तिने कधी ठरवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

ती बाहेर आली. नवरा पिंपावर पंजा टेकून, मान कलती करून वाट बघत होता. आनंद त्याच्या चेहऱ्यावर आधीच येऊन बसला होता.

"अहो, ओरखडा आहे."

"कुठे?"

तिने त्याचं बोट धरून तिथे नेलं. त्याने नख फिरवलं. नख अडलं. त्याने पुन्हा फिरवलं.

"जाड दाण्याचा दिसतोय."

"स्वेटरमधून आला. सकाळी मीच दिला तुम्हाला."

"काय हो वहिनी," दीर म्हणाला, "तुमच्या जिभेला काही हाड?"

नवऱ्याने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि भावाकडे दिला. "हा बाहेर ने."

दीर तो छातीशी धरून तिथेच उभा राहिला. "दादा, हे व्हायचं नाही रे. तुझ्या डोळ्यांच्या आधी तर नाहीच. आरसे तयार मिळतात. मी उद्या आणतो."

"आण. तू बघ त्यातून."

"आणि हा झालाच नाही तर?"

"नाही झाला तर नाही झाला. झालाच, तर ओरखड्याचा नको."

"पण मग बघणार कोण त्यातून?"

"ज्याला दिसेल तो."

दीर स्वेटर घेऊन बाहेर गेला.

दोघांनी पिंप धुतलं, काचा धुतल्या, हात कोपरापर्यंत धुतले. जाड पुडीची बरणी फळीवर अगदी मागे गेली होती. ती तिनेच शोधून दिली. नवऱ्याने चिमटीने पूड पसरली, पाणी शिंपडलं आणि काचेवर काच ठेवली. तो हात लावणार, तेवढ्यात तिने बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवली.

"सरका थोडं."

"अगं, खांदे भरून येतील तुझे."

"येऊ देत. दाबायचं का?"

"दाब," तो म्हणाला. "जाड पुडीला जोर लागतो."

तिने काच पुढे ढकलली, मागे ओढली. नवरा तिच्या हातांवर हात ठेवून बरोबर फिरू लागला. बारीक पुडीचा आवाज खोलीबाहेरही जात नसे. जाड पुडीची खरखर भिंतींतून उतरत गेली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अहो, संपलं होतं ना हे तुमचं?"

ती तशी हळू बोलणारी. पण हात न थांबवता तिने आवाज चढवला, खाली पोहोचेल इतपतच.

"खिडकी लावून घ्या, काकू. वेळ लागेल."