ओढ्याकाठची पाळी

इंजिनिअर ऋषिराजनं व्हॉल्व्हचा नट स्वतःच्या हातानं आवळला आणि पाना नाथाजीकडं दिला.

"सुभेदार, आजपासून ज्याच्या पहाऱ्यात गळेल त्याच्या उसाची पाणीपाळी बंद. थेंबसुद्धा जायला नको."

"जाणार न्हाई, साहेब."

पाणी संस्थेचा चेअरमन तात्याबा शेजारीच उभा होता. "ही गळती गावाच्या तोंडाला काळं फासतीया," असं तो सभेत टेबल बडवून सांगायचा. नवी पाइपलाइन, पण ओढ्याकाठी या एकाच जागी गळायची. घरटी पाळीनं पहारा बसवला, तरी गळायचीच. नाथाजी नुकताच पलटणीतून निवृत्त होऊन आलेला. तात्याबा त्याला पहारा द्यायला कां कूं करत होता. "दमून आलाय, बसू दे की घरी." पण साहेबांनी हट्टानं त्याचंच नाव घातलं. फौजी माणसाला कोण फसवणार?

दोघं फटफटीवरून निघून गेले. नाथाजी करंजाखाली बसला.

पूर्वी इथून मातीचा पाट वाहायचा. निम्मं पाणी वाटेतच मुरायचं. नाथाजीचं रान पाटाच्या शेपटाला, तिथवर पाणी कधी धड पोचलंच नाही. पाइप आला आणि त्या रानात पहिल्यांदा ऊस उभा राहिला, हे तो कसं नाकारणार? पण त्या मुरलेल्या पाण्यावरच हा ओढा बारमाही असायचा. तो आणि तात्याबा शाळा बुडवून इथं खेकडे धरायचे. पाण्यावर खंड्या सूर मारायचा, आणि सांजेला बेडकांचा असा गलका, की आईची हाक ऐकू येऊ नये. सरहद्दीवर बर्फात बसून गावाची आठवण काढली, की त्याला हा ओढाच दिसायचा.

आता उरलं होतं एक डबकं, या गळतीवर जगणारं. दुपारपर्यंत तेही आटत आलं. काठाच्या चिखलात बेडकांची पिल्लं तडफडू लागली. खंड्या दोनदा आला, रिकाम्या चोचीनं गेला.

नाथाजी उठला, बसला, पुन्हा उठला. उभ्या नोकरीत त्यानं हुकूम मोडला नव्हता. चोर धरायला बसलेल्यानंच चोरी करायची? आणि ऊस? त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि नट दोन आटे ढिला केला. पाणी ओढ्यात उतरलं.

दिवेलागणीला पुढच्या पाळीवर खुद्द तात्याबाच आला. नाथाजीनं पाना पुढं केला. मान वर होईना.

"तात्या, नट मीच सोडलाय. माझी पाणीपाळी तोड, काय करायचं ते कर."

तात्याबानं वाकून पाण्याची धार पाहिली. पाना घेतला आणि नट जरासा आवळला.

"येड्या, दोन आटे कशाला रं? साहेबाच्या नजरंत येतंय. आमी समदी एकच सोडतो."