कैरीचे डोहाळे

डोहाळजेवणात सासूबाईंनी "काय खावंसं वाटतंय गं?" असं विचारलं, तेव्हा ऋजुताने "कैरी" म्हणून वेळ मारून नेली. खरं तर तिला काहीच खावंसं वाटत नव्हतं. वजन आटोक्यात राहावं म्हणून लग्नाआधी खाण्याची ओढ मारणारी लस टोचून घेतल्यापासून ती पाणीपुरीच्या गाडीकडेही भिंतीकडे बघावं तशी बघायची.

आज पहाटे मुलगी झाली. नर्सने तिला ऋजुताच्या छातीशी धरलं. ओठांना दुधाचा थेंब लागला, तरी ती तोंड उघडेना.

"दमलीय पोर," सासूबाई म्हणाल्या. "भूक लागली की आपणच शोधेल."

दुपार कलली, तरी मुलगी रडली नाही. ऋजुताने घाबरून पुन्हा तिला जवळ घेतलं. मुलगी शांतपणे बघत राहिली, भिंतीकडे बघावं तशी.