दहा मोजेपर्यंत
डॉक्टरीणबाईंनी शिंपिणीच्या हातात रबरी चेंडू दिला. “घट्ट आवळा. हं, आता सोडा.” मूठ काही उघडेना, कापड बेतताना कात्रीही अशीच हातात अडकून राहायची. मग तोच चेंडू शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांना दिला. तिथंही तीच गत. “स्नायूंमधल्या किनेज नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड आहे. आवळलेला स्नायू लगेच सैल पडत नाही. वडिलांकडूनच आलंय तुमच्याकडे.” तिला लहानपण आठवलं. शाळेच्या फाटकाशी बाबा तिचा हात सोडायचेच नाहीत. “डिंक लावलाय का?” मैत्रिणी खिदळायच्या. ती लाजायची, पण त्याच मायेच्या जोरावर वाढली होती. “म्हणजे तो नुसता आजार होता, बाबा?” बाबांनी एकेक बोट सोडवलं, चेंडू टेबलावर ठेवला आणि तिचा हात धरला. “आजार दहा मोजेपर्यंत संपायचा, पोरी. पुढे घंटा होईस्तोवर धरून ठेवायचो, तो मी.”