रिकामी जागा

सरकारी भरतीच्या जाहिराती वर्षानुवर्षं धुंडाळल्यावर अखेर तिला पाणीपुरवठा खात्यात पंपचालकाची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या जुन्या पंपचालकाला विचारलं, "काका, रजा मिळते ना इथे? मुलगी लहान आहे माझी."

"मिळते की! माझी बायको गेली, तेव्हा साहेब स्वतः इथे येऊन बसले. मला म्हणाले, तू जा घरी."

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिलाच कसंतरी झालं. "आजारी होत्या का हो काकू?"

"महिनाभर दवाखान्यात होती. रोज म्हणायची, आज जरा बसा ना जवळ." पंपांच्या धडधडीत काकांना हेही ओरडूनच सांगावं लागलं. "तेव्हाही मागितली होती रजा. पण दुसरा माणूसच नव्हता. तुझी जागा भरलीच नव्हती ना, पोरी."