परीक्षकांच्या कोटावरचा कापूस

मंजुळानं ताटात मणी चिकटवले, वर कापूस पसरला आणि टेबलफॅनचं बटण दाबलं. विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक पुढ्यातच उभे होते.

"हे ताट म्हणजे बटु दीर्घिका, ताऱ्यांचं छोटंसं गाव. मणी म्हणजे तारे, कापूस म्हणजे वायू. वायूतनंच नवे तारे होतात. पण ही बटु दीर्घिका मोठ्या दीर्घिकेजवळ गेली, की तिथला वारा हिचा वायू उडवतो." कापूस भुर्रकन परीक्षकांच्या कोटावर जाऊन बसला. "मग जुने तारे तेवढे राहतात. नवा एकही होत नाही."

परीक्षक जाम खूश! तालुक्यातल्या इंग्लिश शाळेचे चेअरमन होते ते. त्यांच्या पिवळ्या बसनं दोन वर्षांत मंजुळाच्या शाळेतली एकवीस पोरं उचलली होती. उरली नऊ. आणखी एक गेलं की शाळेला कुलूप.

"हुशार आहेस गं! आमच्या शाळेत ये. फी माफ, बस दारात."

शेजारी उभ्या तिच्या शिक्षिका गुरवबाई उगाच टेबल पुसायला लागल्या. मंजुळाचं डोकं सणकलं.

"आता शेवटचा प्रश्न," परीक्षकांनी पेन उघडलं. "उडालेला वायू जातो कुठं?"

तिनं फॅन बंद केला. कोटावरचा कापूस पुंजका-पुंजका वेचून ताटात परत दाबून बसवला.

"तुमच्याकडं, सर."